पिठाच्या रंगाचा पट्टा

२१ जून

खण्. मग जरा थांबून टक्.

रायखान चालायची तेव्हा तिच्या कमरेचा पत्र्याचा डबा असा वाजायचा. डावा पाय ती किंचित ओढायची, म्हणून दोन ठोक्यांत अंतर सारखं नसायचं. गवत छातीएवढं वाढलेलं असलं आणि ती दिसेनाशी झाली, की मी त्या आवाजाच्या मागे चालायचो. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. आज सकाळी सून ओढ्यावरून बादली घेऊन आली, बादलीची कडी नेमकी तशीच वाजली, आणि हा सत्तर वर्षांचा म्हातारा हातातला चहा सांडून दारापर्यंत धावला.

तुर्सुनाय म्हणाली, "कोण यायचंय मामंजी?"

मी म्हटलं, कुणी नाही, वारा होता.

या सगळ्याचं मूळ म्हणजे परवा आलेलं पत्र. राजधानीतल्या संग्रहालयात एर्नीस नावाचा कुणी तरुण संशोधक आहे. डोंगरपठारांवरच्या ससाणा-पतंगांची यादी करतोय. फुलापुढे हवेत थबकून मध पिणारा, काचेसारख्या पंखांचा, भुंग्यासारखा दिसणारा आणि भर दिवसा उडणारा तो पतंग. सामान्य जातीच्या पोटावर पिवळा पट्टा असतो. एर्नीस लिहितो, 'रायखान यांची १९५७ ची वही माझ्या हाती आली आहे. तुमच्या गावच्या कुरणात पांढऱ्या पट्ट्याची वेगळी जात असल्याचं त्यांनी लिहिलं आहे. नमुना किड्यांनी खाल्ला, नुसती चिठ्ठी उरली आहे. त्या वेळी सोबत असलेले तुम्हीच. ताजा, न उडालेला पतंग उजेडात पाहून पट्ट्याचा रंग कळवाल का? जमल्यास पतंगही पाठवा. पांढरा असेल तर मी गवतकापणीआधी जाळी घेऊन येतो. पिवळा असेल तर हे नाव यादीतून कायमचं काढतो.'

वही हाती आली म्हणजे माणूस गेलेलं असणार. मी पत्र उशाखाली ठेवलं.

पुढचं लिहायला धीर होत नाही, पण इथं नाही लिहायचं तर कुठं? तेव्हा मी बावीस वर्षांचा, नोकरीत कायम न झालेला मास्तर. ती चोवीसची, किड्यांच्या नोंदी करायला राजधानीतल्या संस्थेतून आलेली. चौकशीला हिरव्या कापडाच्या टेबलामागे तीन माणसं बसली होती. त्यांचं म्हणणं, पट्टा पिवळाच होता, बाटलीतल्या औषधाने त्याचा रंग उडाला. किंवा नाव मिळवायला बाईनेच उडवला. मला विचारलं, "जिवंत असताना तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास?" अध्यक्ष आमच्या शिक्षणाधिकाऱ्याचा भाऊ होता. मी म्हणालो, मी नीट पाहिलं नाही.

पाहिलं होतं. तिने तळहातावर धरला होता आणि मी वाकून पाहिलं होतं.

तिला संस्थेतून काढलं. पुढे कापडगिरणीत लागली असं ऐकलं.

खिडकीतल्या खोक्यात, शेवाळावर, गेल्या शरदात गवताच्या मुळाशी सापडलेला एक कोष आहे. तपकिरी, बोटाच्या पेराएवढा. आज त्याला हळूच स्पर्श केला. हलला.

२४ जून

कुरणात गेलो होतो. निळ्या गोंड्याची फुलं या वर्षी भरपूर आहेत आणि त्यांच्या पानांवरच या पतंगाच्या अळ्या वाढतात. चार पतंग दिसले. पट्टा पिवळट वाटला, पण छातीठोक सांगता येत नाही, कारण धुकं होतं. यंदा धुकं दुपारपर्यंत हटतच नाही. डोंगरावरचा बर्फसुद्धा जुन्या लोकरी नमद्यासारखा पिवळा पडलाय. पूर्वी असा नसे.

शारशेन घोड्यावरून आला. माझा जुना विद्यार्थी, आता अठ्ठावन्नचा, पण अजून मागच्या बाकावरून बोलल्यासारखा बोलतो. म्हणाला, "धुकं कुठलं मास्तर? पलीकडच्या उतारावर माझी लंगडी मेंढी चरतेय, तिचा लंगडा पाय दिसतोय मला." याला फुशारकीची खोड शाळेपासूनच.

त्याच्या वाट्याचं कुरण माझ्या वाट्याला लागून आहे. मी म्हटलं, बारा जुलैला कापणी सुरू होईल तेव्हा गोंड्याच्या फुलांचा पट्टा तेवढा राहू दे, अळ्या आहेत. तो म्हणाला, "आणि फेब्रुवारीत माझी गाय काय तुमचे पतंग चघळणार?" घोडा वळवता वळवता पुन्हा म्हणाला, "कापायला काढायच्या आधी आशीर्वाद यंदा तुम्हालाच द्यायचाय, लक्षात आहे ना? दरवर्षी देणारे थोरले गेले हिवाळ्यात. आता गावात तुमच्याएवढं जुनं कुणी नाही, ते पॉप्लरचं झाड सोडलं तर."

लक्षात आहे. वडीलधाऱ्याने हात पसरल्याशिवाय इथं गवताला कुणी विळा लावत नाही.

२९ जून

आज खरं लिहितो.

पट्टा पिवळा निघावा असं मला वाटतंय.

पिवळा निघाला तर त्या दिवशी मी कुणाचा गळा कापला नव्हता. माझी भीती आणि खरी गोष्ट एकाच बाजूला उभी होती, एवढंच. कुरणात रोज जातो, रोज पिवळाच दिसतो, आणि घरी येताना पावलं हलकी पडतात. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तळहातावर जे पांढरं पाहिलं ते कोवळ्या वयातलं पाहणं असेल. त्या वयात सगळंच पांढरं दिसतं. तिचे दातसुद्धा मला बर्फासारखे आठवतात.

चौथीच्या पुस्तकात एक ओळ होती: 'डोळा सांगे खरे तेवढे, मन सांगे ते गोड.' चौतीस वर्षं मुलांकडून ती पाठ करून घेतली. कुणी अर्थ विचारला की मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायला लागायचो.

तुर्सुनायला उगाच बोललो. सदऱ्याला पिवळट झाक राहिलीय, साबण नीट चोळत जा म्हटलं. तिने सदरा उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा धुवायला टाकला. हल्ली ती मला किटली उचलू देत नाही. मुलगा मेलीस कळपाबरोबर वरच्या कुरणावर आहे, घरात आम्ही दोघंच. म्हातारपणी माणूस सुनेच्या ताब्यात जातो तो असा, किटलीपासून.

४ जुलै

पहाटे कोष फुटला.

न्याहारीच्या वेळी पाहिलं तर पतंग खोक्यातल्या काडीवर बसून पंख वाळवत होता. नव्या पंखांवर राखाडी धूळ असते. पहिल्या उडीत ती झडते आणि मग पंख काचेसारखे होतात. ती अजून जागच्या जागी होती. मी खोकं खिडकीशी नेलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. अर्धा तास पाहिलं. पट्टा पिवळा. दह्यावरच्या सायीसारखा पिवळा.

आनंद म्हणावा तर तसं नव्हतं. फार वर्षं पाठीवर असलेलं पोतं कुणीतरी काढून घेतल्यावर पाठ विचित्र वाटते तसं. बसून पत्र लिहिलं: 'पट्टा पिवळा. सामान्य जात. तोलोगोन, निवृत्त शिक्षक.' शारशेन ट्रॅक्टरचा कसला भाग आणायला शहरात निघाला होता, त्याला गाठायला स्वतः गेलो. म्हटलं, पतंग पुढच्या खेपेला पाठवतो, आज त्याला नीट वाळू दे.

परत आलो तर खोकं रिकामं.

तुर्सुनाय उंबऱ्याशी उभी होती, हात पिठाने भरलेले. पतंग खोक्यातून निघून चुलीजवळच्या सतरंजीवर आला होता. न बोलावता घरात आलेल्या जिवाला मारायचं नाही, ते गेलेलं माणूस असू शकतं. त्याच्यावर दूध शिंपडायचं किंवा पीठ भुरभुरवायचं, आणि वाट मोकळी करायची, म्हणजे आलेला पाहुणा समाधानाने जातो. हे मलाही माझ्या आईने शिकवलं होतं. पण हा पाहुणा नव्हता, मीच आणला होता. तिने चिमूटभर पीठ टाकलं, दार उघडलं, आणि तो उडाला.

म्हणाली, "मला वाटलं सासूबाई आल्या. त्यांच्या जागेवरच बसला होता."

मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. माझ्या गेलेल्या बायकोचं, आयिमकानचं नाव घेऊन कुणी मला गप्प करू शकतं याचाच राग आला. मी पट्टा पिवळा असल्याचं पत्र पाठवलं म्हटल्यावर तिने हात धुता धुता विचारलं, "पिवळा?" आणि मग ओले हात तसेच ठिबकू दिले.

५ जुलै

दिवसभर चहा घेतला नाही. तिनेही आग्रह केला नाही. संध्याकाळी दाराशी वाटीत दही ठेवलेलं होतं. खाल्लं.

७ जुलै

हे अक्षर कुठं जातंय मला ठाऊक नाही. तरी लिहितो.

दुपारी तुर्सुनाय माझ्यासमोर येऊन बसली. या घरात आल्यापासून बारा वर्षांत ती अशी समोर बसलेली मला आठवत नाही.

"मामंजी, त्या दिवशी पीठ टाकलं तेव्हा मी एक पाहिलं. रागावणार नसाल तर सांगते."

सांग म्हटलं.

"पीठ पडल्यावर पट्टा दिसेनासाच झाला. बाकीचं अंग हिरवट होतं, त्याच्यावर कण न् कण दिसत होता. पण पट्ट्यावर पीठ कुठं आहे आणि कुठं नाही, ते काही केल्या कळेना."

मी म्हटलं, त्यात काय, यंदाचं पीठही पिवळंच आहे. जुना गहू दळून दिलाय गिरणीवाल्याने.

ती उठली. संदुकीचं झाकण वाजलं. आली ती दोन रुमाल घेऊन, आणि खिडकीखाली उन्हात शेजारी शेजारी पसरले. "यातला सासूबाईंचा पांढरा कुठला आणि माझा पिवळा कुठला? हात लावायचा नाही."

पोरखेळ वाटला. वाकलो. दोन्ही सारखेच, सायीच्या रंगाचे. डोळे मिचकावले, बाजूने पाहिलं, खिडकीकडे पाठ करून पाहिलं. आयिमकानचा रुमाल मी चाळीस वर्षं रोज पाहिला आहे. शेवटी बोट दाखवलं: हा.

तुर्सुनायने तो उचलून माझ्या नाकाशी धरला. आयिमकानच्या रुमालाला अजून तिच्या साबणाचा वास येतो. याला धुराचा आणि तव्यावरच्या तेलाचा वास होता.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मेलीस तुम्हाला शहरात नेऊ नेऊ म्हणतोय ते कशासाठी? तुम्हीच म्हणता धुकं आहे, वात नीट नाही, शाई फिकी आहे. आम्ही किती दिवस हो हो म्हणायचं?"

धुकं नव्हतं. बर्फ पांढरा आहे. सदरा पांढरा होता. पीठ पांढरं होतं.

आणि पट्टा पिठासारखा होता.

८ जुलै

सकाळीच शारशेनकडे गेलो. पत्र खिशात राहिलं असेल, गाडीत पडलं असेल, हा माणूस काहीही विसरतो. तो म्हणाला, "तुमचं काम म्हणून टपालाच्या खिडकीशी उभा राहिलो मास्तर. त्या बाईने शिक्का मारलेला डोळ्यांनी पाहिला, मगच हललो. शाळेत एकदा गृहपाठ विसरलो होतो, अजून कान गरम आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने सांगितलेलं काम चोख केलं.

मी तिला दोनदा मारलं. एकदा तेव्हा, जिवंत असताना. आता यादीतून.

दुसरं पत्र लिहायला बसलो, पण ओळी एकमेकींवर चढत होत्या. तुर्सुनायने कागद घेतला. मी सांगितलं, तिने लिहिलं: 'आधीचं पत्र खोटं समजावं. माझे डोळे गेले आहेत. मी नीट पाहिलं नाही. माझ्या सुनेने पाहिलं. पट्टा पांढरा आहे.'

'मी नीट पाहिलं नाही' यावर ती लिहिता लिहिता थांबली नाही, पण मी थांबलो. तेव्हा हेच वाक्य खोटं होतं. आज ते खरं झालंय.

"आणखी काही?" तिने विचारलं.

लिही, म्हटलं, 'कापणी बाराला आहे. लवकर या.'

उद्या दूधगाडीबरोबर जाईल. शहरातून राजधानीत किती दिवस, देव जाणे. पहिलं पत्र तोवर पोचलेलं असेल. नाव काढायला एक रेघ पुरते.

११ जुलै

उत्तर नाही. दूधगाडीवाला मला पाहून आता लांबूनच मान हलवतो.

दिवसभर गावात विळे ठोकण्याचा आवाज. इथले विळे माणसाच्या उंचीच्या दांड्याचे, पातं घासायच्या आधी हातोड्याने ठोकून पातळ करतात. प्रत्येक अंगणातून टण् टण्. लहानपणी या आवाजाने मला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं.

तुर्सुनाय कुरणात जाऊन आली. म्हणाली, फुलाफुलांवर आहेत, आणि पानांखाली अळ्याही, करंगळीएवढ्या. रंग मी विचारला नाही. तिने आपण होऊन सांगितला: "पांढरा, मामंजी. सगळ्यांचा."

गोंड्याची फुलं जास्त शारशेनच्या वाट्यात आहेत. कापून सुकवून रचलं की पुढच्या वर्षी काय उगवायचं ते उगवेल, पण अळ्या नसतील. एर्नीस आला तरी त्याला नुसती खुंटं दाखवू का?

१२ जुलै

सकाळी सगळे कुरणाच्या कडेला जमले होते. वीस-बावीस माणसं असावीत. मला विळ्यांची पाती तेवढी लुकलुकताना दिसत होती. शारशेनने माझा हात धरून मला पुढे नेलं. म्हणाला, "छोटा द्या मास्तर, कविता नको. ढग येतायत."

मी हात पसरले. सगळ्यांनी पसरले असतील. गवतावरून वारा गेला. शब्द तोंडपाठ आहेत, माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले. ओठापर्यंत आले. मी हात खाली घेतले.

म्हटलं, आज नाही.

कुजबुज झाली. कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं मी विसरलो. मग मी सांगितलं. रायखान, तळहात, हिरवं टेबल, तीन माणसं, माझं वाक्य. गेल्या आठवड्यातलं पत्र. सगळं. मुलांना गोष्ट सांगतो तसं नाही सांगता आलं, तुटक तुटक सांगितलं. इतकी वर्षं ज्यांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या तीच मुलं समोर होती, पांढऱ्या दाढ्यांची. शेवटी म्हटलं, राजधानीतून माणूस येईपर्यंत मी आशीर्वाद देणार नाही.

शारशेन माझ्या अगदी जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आकाश बघा मास्तर. तुम्हाला दिसत नाही, म्हणून मी सांगतो. काळं झालंय. भिजलं तर गवत सडेल, आणि जनावरं तुमची कबुली खाणार नाहीत."

तुम्हाला दिसत नाही, म्हणून. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मी त्या धुक्यात एकटाच फिरत होतो.

मी म्हटलं, शारशेन, मी तुझ्याकडे मोठं असं कधी काही मागितलं नाही.

"मागितलंत की. पस्तिसाचा पाढा," तो म्हणाला. मग विळा खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्याचा दिवस मास्तरांचा. परवा उजाडलं की मी बिनआशीर्वादाचा विळा घालणार. पाप लागलं तर अर्धं माझं, अर्धं त्यांचं."

माणसं परतली. घरी येताना तुर्सुनायने माझ्या कोपराला हात लावला, आणि मी तो राहू दिला.

१३ जुलै

सकाळी ढग डोंगरापलीकडे गेले, असं तुर्सुनाय म्हणाली. पाऊस पडला नाही. म्हणजे उद्या शारशेनला अडवायला काहीच नाही.

दूधगाडी आली आणि गेली. पत्र नाही. मी खिडकीशी रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसलो. शेवाळात कोषाचं टरफल अजून होतं, बोटाने चुरडलं तर कुरकुरलं. तुर्सुनाय माझ्यासमोर कणीक मळत होती. संध्याकाळी पुन्हा शारशेनकडे जाऊन पाया पडावं का, मी विचारत होतो. ती म्हणत होती, पाया पडू नका, मी जाते, त्याच्या बायकोला माझं लोणी आवडतं.

आणि अंगणात वाजलं.

खण्. मग जरा थांबून टक्.

बादली कोपऱ्यात होती. मी आधी तिच्याकडेच पाहिलं. तुर्सुनायचे हात कणकेत थांबले होते, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. पुन्हा खण्. या वेळी थांबणं जास्त लांब. पाय आता पूर्वीपेक्षा जास्त ओढत असणार. टक्.

वही हाती आली होती. कुणी दिली, हे मी एर्नीसला कधी विचारलंच नव्हतं.

दार सकाळपासून उघडंच होतं. त्यात उजेडासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं, ठेंगणं, वाकलेलं, डोक्याला रुमाल, पांढरा की पिवळा ते मला सांगता येणार नाही. हातात काठी असावी, किंवा जाळीचा दांडा. आत यायला तिने पाऊल उचललं नाही. दम खात उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"पत्र वाचलं तुझं. पिवळा म्हणे." मग थोडं थांबून, "कुणाच्या डोळ्यांनी पाहिलास रे, तोलोगोन?"